गाणारा डबा

वीकेंड, कर्जत, नदीकाठ आणि गाणी... हे कॉम्बिनेशन कुणाला नकोय? पण ऐन पिकनिकमध्ये विकतच्या स्पीकरने मान टाकली तर? थोडं प्लायवूड, एक बॅटरी आणि एक रिटायर्ड मामा हाताशी असला की काय होऊ शकतं, त्याची ही गोष्ट!

शनिवारी सकाळी कर्जत लोकल पकडणाऱ्यांचे दोन प्रकार असतात. एक, ज्यांच्या पाठीवर सॅक असते. आणि दोन, ज्यांच्या सॅकला स्पीकर लटकलेला असतो. गेल्या जूनपर्यंत मी दुसऱ्या प्रकारात होते. साडेचार हजारांचा, निळ्या रंगाचा, झक्कास दिसणारा ब्ल्यूटूथ स्पीकर. दोन पावसाळे मस्त वाजला. तिसऱ्या पावसाळ्यात आमचा ग्रुप कोंढाणे लेण्यांच्या वाटेवर वडापाव खात बसला होता. पहिलं गाणं अर्ध्यावर आलं आणि साहेबांनी 'टुंई' करून डोळे मिटले, ते कायमचेच.

डोंबिवलीला परत आल्यावर रिपेअरिंगवाल्याकडे गेले. त्याने स्पीकर हातात घेतला, पाठीवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "बॅटरी फुगलीय मॅडम. ही बदलत नाहीत, नवाच घ्या."

म्हणजे आवाज ठणठणीत, बटणं ठणठणीत, फक्त आतली एक बॅटरी गेली म्हणून अख्खी वस्तू कचऱ्यात? मला जाम राग आला. पुढच्या रविवारी तो स्पीकर पिशवीत घातला आणि गेले थेट मामाकडे.

मामाचं दुकान

माझा मामा कर्जतचा. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर त्याचं रेडिओ-टेप रिपेअरिंगचं दुकान होतं. १९८० च्या आसपास सुरू केलेलं. व्हॉल्व्हचे रेडिओ, ट्रान्झिस्टर, टू-इन-वन, पुढे टीव्ही, सीडी प्लेयर... सगळ्या पिढ्या त्याच्या हाताखालून गेल्या. मग लोकांनी दुरुस्त्या करणंच सोडलं आणि काही वर्षांपूर्वी मामाने शटर कायमचं खाली ओढलं. आता तो कोंदिवड्याच्या रस्त्यावरच्या घरी असतो. अंगणात आंब्याचं झाड, मागे भाताचं खाचर, आणि लांबून ऐकू येणारा बँकर इंजिनांचा भोंगा. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना बोरघाट चढवण्यासाठी कर्जतला मागून जास्तीची इंजिनं लागतात, ती ही बँकर.

मामाने माझा स्पीकर उघडायला नकारच दिला. "ही लिथियमची आहे. फुगलेलीला सुई लागली ना, तर घर पेटेल. दाबायची नाही, भोसकायची नाही, उन्हात ठेवायची नाही. ई-कचरा घेतात तिथे नेऊन दे." मग चष्मा कपाळावर सरकवत म्हणाला, "अगं, एवढं रडतेस कशाला? आपण करू की डबा."

"डबा?"

"गाणारा डबा. पण बनवणार तू. माझा हात आता थरथरतो."

खरं तर मामालाही तो डबा हवाच होता. १९ जुलै २०२३ च्या रात्री शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. बचावाची पथकं पावसात डोंगर चढून पायी गेली. त्या आठवड्यात मामाच्या भागात लाइटचा आणि मोबाइलच्या नेटवर्कचा लपंडाव चालू होता. मोबाइलची बॅटरी संपली आणि मामा-मामी दीड दिवस नुसते पावसाचा आवाज ऐकत बसले. तेव्हापासून त्याचं एकच टुमणं, पावसाळ्यात घरात बॅटरीवरचा रेडिओ पाहिजे.

गंमत बघा. मुंबईच्या गिरण्यांना टाटांच्या खोपोलीच्या वीजघरातून वीज मिळायला लागली ती १९१५ मध्ये. पुढे १९२२ मध्ये कर्जत तालुक्यातलंच भिवपुरीचं वीजघर सुरू झालं. घाटातलं पाणी, घाटाखालची टर्बाइन्स, आणि उजेड मुंबईत. इथे मात्र जुलै महिन्यात वारा सुटला की मेणबत्त्या शोधायच्या!

माठातली मॅच

बॅटरीवरचा आवाज मामाला नवा नाही. २५ जून १९८३, वर्ल्ड कप फायनल. आपण १८३ वर ऑल आउट झालो होतो आणि आळीत लाइट नव्हती. पंचविशीतल्या मामाने ओळखीच्या ट्रकवाल्याची १२ व्होल्टची बॅटरी उतरवून घेतली, त्यावर स्वतः जोडलेला अँप्लिफायर लावला, ट्रान्झिस्टरची कॉमेंट्री त्यात सोडली आणि आठ इंची स्पीकर चक्क पाण्याच्या माठाच्या तोंडावर बसवला.

माठाचा फंडा काय? स्पीकरचा कागदी पडदा पुढे हलतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा सैल पडते. नुसता उघडा स्पीकर वाजवला तर पुढचा आवाज आणि मागचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतात, विशेषतः खालचे, ढोलकीसारखे सूर. मागचा आवाज कशात तरी कोंडला, की पुढचा मोकळा होतो. माठ तेच करतो. आजचे महागडे कॅबिनेटही तेच करतात, फक्त पॉलिश मारून.

वेस्ट इंडीज १४० वर संपली. "अख्खी आळी माठाला नमस्कार करून गेली," असं मामा अजून सांगतो. मामी म्हणते, माठ तिचा होता आणि तो परत पाण्याला कधी वापरता आला नाही.

शॉपिंग टाइम!

मुंबईकरांसाठी इलेक्ट्रॉनिक्सची पंढरी म्हणजे लॅमिंग्टन रोड, कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पुणेकरांसाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. मामाने वहीच्या पानावर यादी लिहून दिली आणि मी ग्रँट रोडला उतरले.

पहिला धडा काउंटरवरच मिळाला. अँप्लिफायरच्या तळहाताएवढ्या बोर्डावर मोठ्ठ्या अक्षरांत '५० + ५० वॉट' लिहिलेलं. मी खूश! मामाला फोन लावला तर तो हसायला लागला. "किती व्होल्टवर ते विचार." हा आकडा खरा ठरायला वीस-एकवीस व्होल्ट लागतात. आपल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर ४ ओहमच्या स्पीकरला जेमतेम १६ वॉट मिळतात, आणि ८ ओहमच्या स्पीकरला त्याच्याही अर्धे. म्हणून घरचे जुने स्पीकर न वापरता गाडीत लावतात ते ४ ओहमचे घ्यायचे. शिवाय त्यांचे पडदे बहुतेक वेळा प्लास्टिकचे असतात, कर्जतच्या दमट हवेत कागदासारखे मऊ पडत नाहीत.

बोर्ड 'क्लास डी' प्रकारचा घ्यायचा. मामाच्या जमान्यातला अँप्लिफायर जवळपास अर्धी वीज स्वतःला तापवण्यात घालवायचा. क्लास डी सेकंदाला काही लाख वेळा नुसता चालू-बंद होतो, त्यामुळे नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज स्पीकरपर्यंत पोहोचते. बॅटरीवर चालवायचं म्हटल्यावर हा फरक म्हणजे सगळंच.

बॅटरीवरून मात्र आमची जुंपली. मला लिथियम आयर्न फॉस्फेट हवी होती. हलकी, निम्म्याहून कमी वजन, आणि वर्षानुवर्षं टिकते. मामाला हवी होती यूपीएसमध्ये असते ती सीलबंद लेड-ॲसिड, १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवर. दोन किलोंहून जड धोंडा. "पण कर्जतच्या कुठल्याही दुकानात मिळेल. तुझी ती लिथियमवाली बिघडली तर पुन्हा ग्रँट रोड. मग त्या निळ्या स्पीकरात आणि ह्यात फरक काय?" या वाक्यावर मी हरले.

खर्च सांगते. अँप्लिफायर बोर्ड ३५० रुपये, बॅटरी ९५०, सवापाच इंची स्पीकरची जोडी १२००, ब्ल्यूटूथ-एफएम-पेनड्राइव्हची पट्टी २५०, बारा व्होल्टचे पाच करणारा कन्व्हर्टर ६०, छोटा व्होल्टमीटर ९०, चार्जर ३५०, फ्यूज-स्विच-वायरी १५०. सुताराचे ४०० धरून ३,८००. म्हणजे विकतच्यापेक्षा फार स्वस्त पडला असं काही नाही, तशी अपेक्षा ठेवून या वाटेला जाऊ नका.

लाकूडकाम आणि डाग

बारा मिलिमीटरच्या प्लायवूडचा डबा. हातभर लांबीच्या पेटीसारखा, पंचेचाळीस सेंटिमीटर लांब, बावीस उंच, वीस खोल. आत तीन खण. दोन्ही बाजूंना स्पीकरचे खण, प्रत्येकी पाच लिटरचे, पूर्ण हवाबंद. मधल्या खणात बॅटरी आणि बोर्ड. मधल्या खणाला मात्र मागून भोकं ठेवायची, कारण लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना, चार्जर बिघडला तर विशेष, हायड्रोजन वायू सोडू शकते. बंद पेटीत तो साठणं बरं नाही. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाला चिकटून पाच अँपिअरचा फ्यूज. "आधी फ्यूज, मग बाकीचं जग," हा मामाचा नियम.

पुढच्या फळीसाठी मामाने अडगळीतून एक सागवानी फळी काढून दिली. दुकानाच्या काउंटरची. तिच्यावर चाळीस वर्षांचे काळे डाग, जिथे जिथे गरम सोल्डरिंग गन टेकली असेल तिथे. सुतार म्हणाला, रंधा मारून देतो, नवी दिसेल. मामा पटकन म्हणाला, "नको, राहू दे." मग दुसरीकडे बघत म्हणाला, "पातळ होईल उगाच."

सोल्डरिंग मी पहिल्यांदाच करत होते. पहिले दहा-बारा डाग म्हणजे नुसते गोळे. मामा शेजारी स्टुलावर. "वायर तापव, कथील नको तापवूस. वायर तापली की कथील आपणहून पळत येतं." चौथ्या रविवारी एक डाग असा बसला, चकचकीत, निमुळता, की मामाने तो भिंगातून बघितला आणि काहीच बोलला नाही. आमच्या घरात ही शाबासकी असते!

पहिला सूर... बेसूर

स्विच दाबला. निळा दिवा लागला. मोबाइल जोडला आणि गाणं सुरू! मी उड्या मारत होते, मामी टाळ्या वाजवत होती. मामाने मात्र डब्यावर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाला, "एक उलटा लागलाय."

"काय उलटा?"

"ढोलकी कुठे आहे? हाताला लागतच नाही."

त्याचं बरोबर होतं. एका स्पीकरच्या प्लस-मायनस वायरी मी उलट जोडल्या होत्या. एक पडदा पुढे जाताना दुसरा मागे जात होता, माठ नसलेल्या स्पीकरसारखी गत. खालचे सूर एकमेकांना खात होते. वायरी अदलाबदल केल्या आणि डबा एकदम भरदार वाजायला लागला. कानाने मला कळलं नाही, ते मामाला तळहाताने कळलं. भन्नाट ना?

पण मग गाणं थांबवलं, तेव्हा मला दुसरंच काहीतरी ऐकू आलं. चुंईऽऽऽ असा बारीक, डासासारखा आवाज.

"मामा, हा चुंई आवाज कसला?"

"कसला आवाज?"

"हा काय... बारीक शिट्टीसारखा."

मामाने कान डब्याजवळ नेला. डावा कान, मग उजवा. "काही नाही येत."

मी मामीकडे बघितलं. मामीला येत होता. मामाने एक मिनिट विचार केला आणि अगदी दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावं तसं म्हणाला, "ब्ल्यूटूथच्या पट्टीची वायर काढ. तुझ्या पॉवर बँकेवर लाव तिला. आता येतोय?"

"गेला!"

"मग ग्राउंड लूप आहे. पट्टीला आणि अँप्लिफायरला एकाच बॅटरीची एकच मायनस, त्यातून कचरा शिरतोय. मध्ये आयसोलेटेड कन्व्हर्टर टाक, पाचाचे पाचच देणारा, पण दोन्ही बाजू तोडून ठेवणारा." १२० रुपयांचा तो तुकडा पुढच्या रविवारी आणून लावला आणि चुंई बंद झाली. न ऐकलेला बिघाड मामाने नुसत्या डोक्याने पकडला होता. खर्च आता ३,९२० वर गेला.

त्या संध्याकाळी आम्ही अंगणात चहा पीत बसलो होतो. पाऊस नुकताच थांबला होता आणि रातकिड्यांनी असा काही गोंगाट मांडला होता की मला मोठ्याने बोलावं लागत होतं. मामा आंब्याच्या झाडाकडे बघत म्हणाला, "यंदा रातकिडे फार कमी आहेत गं. फवारण्या वाढल्यात ना."

मी कपाकडे बघत राहिले. मामीने माझ्याकडे बघितलं. कुणीच काही बोललं नाही.

मोकळ्यावरचं गणित

डबा तयार झाल्यावर पहिला प्रयोग अंगणात. आणि पहिली निराशाही! घरात दणदणीत वाटणारा डबा बाहेर नेला की एकदम हडकुळा. कारण सोपं आहे. खोलीत भिंती आवाज परत पाठवतात, मोकळ्यावर तो गेला की गेला. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने पडतो. आता तुम्ही म्हणाल, वॉट वाढवा! पण वॉट दुप्पट केले तर मिळतात फक्त तीन डेसिबल, कानाला जेमतेम कळतील एवढे. 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण दहा डेसिबल हवेत, म्हणजे दहापट वॉट. ट्रकभर बॅटऱ्या!

मामाने यावर स्वतःचा उपाय काढला. नॉब शेवटपर्यंत फिरवला.

रोज संध्याकाळी सहाला मामाचा डबा गर्जायला लागला. बातम्या, नाट्यगीतं, जुनी हिंदी गाणी. मामी फोनवर सांगायची, "शेजारची तान्ही पोर दचकून उठते. त्यांची सून काही बोलत नाही, पण दार लावून घेते." एका शनिवारी मी गेले तेव्हा गल्लीच्या तोंडापासूनच निवेदिकेचा आवाज येत होता. आत गेले तर मामा डब्यापासून चार मीटरवर खुर्चीत, कपाळाला आठ्या. "आवाज मोठा आहे, पण शब्द कळत नाहीत. तुझ्या अँप्लिफायरमध्ये काहीतरी खोट आहे."

माझ्या अँप्लिफायरमध्ये! चार रविवार बोटं भाजून घेऊन जोडलेल्या! मी तोंड उघडलं आणि मग लक्षात आलं. 'माझ्या कानात खोट आहे' हे वाक्य तो म्हणू शकत नव्हता. ज्याने चाळीस वर्षं कान लावून रेडिओ दुरुस्त केले, त्याने ते म्हणायचं तरी कसं?

मी डबा उचलला. चार मीटरवरून आणून त्याच्या खुर्चीपासून एक मीटरवर, डाव्या हाताला, स्टुलावर ठेवला. अंतर दोनदा निम्मं, म्हणजे बारा डेसिबल फुकटात. मग नॉब अर्ध्याहून खाली आणला, ट्रेबल थोडा वाढवला आणि बास कमी केला.

निवेदिका बोलत होती. मामाच्या आठ्या हळूहळू उतरल्या. पाच मिनिटांनी म्हणाला, "आता कसं, नीट झालं. काय केलंस?"

"काही नाही. जवळ आणला."

ट्विटर गेलाय, वूफर ठीक आहे

त्याच संध्याकाळी मी हिंमत केली. मोबाइलवर सूर वाजवणारं ॲप उघडलं आणि म्हटलं, "मामा, डब्याची टेस्टिंग करायचीय. ऐकू आलं की बोट वर कर." ५०० हर्ट्झ, बोट वर. १०००, वर. २०००, जरा उशिराने वर. ४०००... मामा माझ्याकडे बघत बसला. मामीने नकळत कानावर हात ठेवला होता. ते त्याने बघितलं.

"वाजतोय का?"

"वाजतोय मामा."

बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे रातकिडे आहेत."

वय वाढतं तसे कान आधी वरचे, बारीक सूर हरवतात. स, त, फ, श ही अक्षरं तिथेच राहतात. म्हणून आवाज येतो, पण 'सात' की 'हात' हे कळत नाही. व्हॉल्यूम वाढवून त्यावर उपाय होत नाही, खालचे सूर तेवढे अंगावर येतात. मोबाइलवरची टेस्ट म्हणजे तपासणी नव्हे, हेही सांगते. त्यासाठी ऑडिओमेट्री करावी लागते, आणि आम्ही दोन आठवड्यांनी पनवेलला जाऊन ती केली. मामा काचेच्या बूथमध्ये हेडफोन लावून बसला होता, अगदी शाळकरी पोरासारखा ताठ.

रिपोर्टचा ग्राफ हातात आला. डावीकडे सपाट, उजवीकडे घाटासारखा खाली उतरणारा. मी घाबरत त्याच्याकडे बघितलं. त्याने चष्मा नीट केला, स्पीकरचा ग्राफ वाचावा तसा तो वाचला आणि म्हणाला, "ट्विटर गेलाय. वूफर ठीक आहे." मग स्वतःच हसला. मशीन लावायला मात्र तो अजून पूर्ण तयार नाही. ट्रायल घेतली, दोन दिवस वापरलं, "ताटाचा आवाज तलवारीसारखा येतो" म्हणून डबीत ठेवलं. पण परत केलं नाही. आम्ही वाट बघतोय.

नदीवर

गेल्या महिन्यात ग्रुपला घेऊन गेले. उल्हासच्या काठावर, पाणी उतरलेलं, समोर राजमाचीचे बुरूज ढगात. पलीकडच्या काठावर दुसरा ग्रुप होता, त्यांचा स्पीकर एवढा मोठा की त्यांना एकमेकांशी ओरडून बोलावं लागत होतं. गुरं घेऊन आलेला एक म्हातारा तिथून लांबचा वळसा घेऊन गेला, कारण म्हशी बुजत होत्या.

आमच्या सहा जणांच्या गोलात मधोमध डबा. नॉब पावभर. सगळ्यांना गाणं ऐकू येत होतं, नदीही ऐकू येत होती, आणि पंधरा पावलांवर गेलं की डबा जवळपास ऐकूच येत नव्हता. मीटरवर ०.४ अँपिअर. म्हणजे बॅटरी अर्धीच वापरायची असं ठरवलं तरी आठ तास. हाच डबा फुल्ल व्हॉल्यूमवर तीन तासांत बसतो.

निघताना एका मित्राने विचारलं, "काय गं, हा कितीला विकशील?" मी म्हटलं, विकायचा नाहीये. तो मामाच्या घरी असतो, मी फक्त अधूनमधून उसना आणते. पुढच्या फळीवरचे काळे डाग बघून तो म्हणाला, "पॉलिश करून घे ना, सही दिसेल."

"राहू दे," मी म्हटलं. "पातळ होईल उगाच."

करून बघायचंय? मग हे लक्षात ठेवा!

• आधी बॅटरी ठरवा, मग बाकी सगळं. वजन चालत असेल तर सीलबंद लेड-ॲसिड. पाठीवर न्यायचा असेल तर तयार बांधलेला लिथियम आयर्न फॉस्फेट पॅक, संरक्षक सर्किटसह. जुन्या लॅपटॉपमधले सेल काढून घरी सोल्डर करायच्या फंदात पडू नका.

• व्होल्टमीटर लावाच. लेड-ॲसिड १२ व्होल्टच्या खाली उतरायला लागली की गाणी बंद, चार्जिंग सुरू. पार रिकामी केलीत तर लवकर मरेल. चार्जर त्याच प्रकारच्या बॅटरीचा हवा.

• फ्यूज विसरलात तर डबा बनवूच नका.

• दोन्ही स्पीकरचे प्लस-मायनस तपासा. ढोलकी गायब असेल तर एक उलटा आहे.

• जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

• २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. फार्महाउस भाड्याने घेतलं म्हणून शेजारचं गाव भाड्याने मिळत नाही.

• आणि हो, स्वतःचे कान! जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास, त्यापुढे धोका. आवाज कमी वाटला तर आधी नॉबकडे हात नेऊ नका. डबा जवळ आणा.